बॉयलरशेजारचा डबा

इचलकरंजीत आमचं सायझिंग होतं. माग दुसऱ्यांचे, आम्ही फक्त ताण्याच्या सुताला खळ लावायची, वाफेवर वाळवायची आणि ते सूत मोठ्या रुळांवर गुंडाळून मागवाल्यांना बीम भरून द्यायचे. वाफ द्यायला बॉयलर. तो वडिलांनी कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून जुनाच आणला होता, त्यामुळे माझ्या हातात आला तेव्हा त्याचं खरं वय कुणालाच सांगता येत नव्हतं. मी रोज कोल्हापुरातून मोटारसायकलवर यायचो आणि लांबूनच आधी धुराडं बघायचो. धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, मागांचा धंदा बसला होता, आणि नेमक्या त्याच वर्षी बॉयलरच्या ट्यूबा एकामागून एक फुटायला लागल्या. फुटलेल्या ट्यूबेची दोन्ही तोंडं बूच ठोकून बंद करायची आणि उरलेल्यांवर काम रेटायचं, असं चाललं होतं. फिटर म्हणाला, आता ट्यूबांपेक्षा बुचं जास्त झालीत, आतला पत्राही झिजलाय, नवा घ्या. नवा घ्या म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? नवा घ्यायचा तर शेड विकावी लागणार, आणि शेड विकल्यावर बॉयलर काय डोक्यावर ठेवायचा? मी त्याच्यावर ओरडलो. मग घरी जाऊन बायकोवर ओरडलो, तिचा काही संबंध नसताना.

खरा निकाल आमच्या फायरमनच्या हातात होता. वडिलांच्या वेळेपासून तेच बॉयलर सांभाळायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. बॉयलरच्या दाराशेजारी विटांचा कट्टा होता, त्यावर ते सकाळी आल्या आल्या आपला डबा ठेवायचे. दुपारी भाकरी तव्यावरून काढल्यासारखी गरम. भिंतीला पाठ लावून, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर एक डोळा ठेवून ते तिथंच जेवायचे, अगदी वैशाखातसुद्धा. मामा, तुम्हाला उन्हाळा माहीत आहे का, असं मी चेष्टेनं विचारायचो. खंडेनवमीला मी बॉयलरला हार घालून नारळ फोडायचो. मामा बौद्ध, ते हात जोडायचे नाहीत. मी नारळ फोडत असताना ते काचेतलं पाणी बघायचे, आणि त्यामुळेच आम्ही सगळे जिवंत होतो.

त्यांची मुलगी गारगोटीला डी.एड.ला होती. प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले होते. घराण्यातली पहिली मास्तरीण होणार होती. तिचं आता एकच वर्ष राहिलं होतं. बॉयलर बंद म्हणजे सायझिंग बंद, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवून घेणार, हे त्यांनाही कळत होतं.

मी त्यांना विचारलं, खरं सांगा, डागडुजी केली तर एक वर्ष निघेल का? त्यांनी बॉयलरच्या अंगावर तळवा टेकवला.

"चालंल की, मालक. एक वरीस न्हाय का निघायचं?"

मला हेच ऐकायचं होतं. मी फिटरचं ऐकलं नाही. थोड्या ट्यूबा बदलल्या, गळत्या जागी ठिगळ मारलं, आणि पुन्हा धूर निघाला.

पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी बघतो तर मामा फाटकाजवळ लिंबाखाली बसून गार भाकरी खात होते. मी विचारलं तर म्हणाले, आत उकडतंय. मार्गशीर्षातली थंडी होती. दुसऱ्या दिवशी डबा तिथंच, तिसऱ्या दिवशीही. आत जायचे, लाकडं सारायचे, काच बघायचे आणि झपाट्यानं बाहेर यायचे.

मामांचा बॉयलरवरचा भरवसा उडालाय, हे मला त्या तिसऱ्या दिवशीच कळलं. हे लिहायला हात धजत नाही, पण कळलं होतं, आणि तरी मी पुढं आठ दिवस बॉयलर चालू ठेवला. हातात घेतलेले बीम तरी भरून होऊ देत, असं स्वतःला समजावत होतो. त्या आठ दिवसांत मी बॉयलरकडं फिरकलोही नाही. भीती मला होती आणि आत मात्र ते जात होते.

नवव्या दिवशी मी घरून डबा नेला. चला मामा, आज आत कट्ट्यावर बसून खाऊ, म्हणालो. ते उठले, पण माझ्याकडं बघेनात.

"तुमी आत बसू नगासा, मालक."

"आणि तुम्ही?"

"माझं काय. मी आत-बाहेर करतोय."

माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो, त्यांना आणि स्वतःलाही. आग ओढा, बॉयलर बंद करा म्हणालो. ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. हे हात त्यांनी कधी देवापुढंही जोडले नव्हते.

"पोरीचं एक वरीस ऱ्हायलंय. तेवढं निघू द्या."

तिच्या वर्षाचं मी बघतो, असा शब्द दिला आणि लोखंडी आकडी घेऊन निखारे ओढायला लागलो. मला ते काम येत नव्हतं. हात भाजला, निखारे पायाशी पडले. मामांना ते बघवेना. चुकीच्या पद्धतीनं आग ओढलेली त्यांना कधीच खपायची नाही. त्यांनी माझ्या हातातली आकडी काढून घेतली आणि स्वतःच्या हातानं सगळी आग बाहेर काढली.

बॉयलर गार झाल्यावर फिटरनं आतल्या पत्र्यावर हातोडी मारली. ओल्या भिंतीत जावी तशी ती आत गेली. मामा शेजारीच उभे होते.

शेड विकली गेली. तिच्या वर्षाचं मी बघतो म्हणालो होतो, ते मी बघितलं नाही. आधी माझंच घर सावरायचं होतं. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. मग वर्ष निघून गेलं.

पाच-सहा वर्षांनी ते कोल्हापूरच्या स्टँडवर भेटले. रात्रपाळीचे वॉचमन होते, अंगावर मापाचा नसलेला खाकी शर्ट. मला वाटलं तोंड फिरवतील. उलट त्यांनीच चहा सांगितला. मुलगी कशी आहे, हे विचारायला मला अर्धा कप लागला. आजऱ्याला दिली, काजूच्या कारखान्यात जाते, म्हणाले. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडलीत, एवढंच वर सांगितलं, आणि मग बशीत चहा ओतला.

"त्यो बॉयलर एक वरीस चालला असता, मालक."

हातोडी आत गेलेली आम्ही दोघांनीही बघितली होती.

"चालला असता, मामा," मी म्हणालो.