सात गाड्या, नऊ भाकरी

अमेरिकेत कुणाची तरी आपसात लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत मी अमरावतीच्या एका अडत्याच्या गाड्यांवर देखरेखीला होतो. रेल्वे अजून यायची होती. कापसाचे बोजे अकोल्याच्या सेठजींच्या आवारात उतरवायचे आणि मुनीमजींच्या हातची पावती घेऊन परतायचं, एवढंच माझं काम. पण एकदा पावती घ्यायचीच राहिली.

राहिली ती माझ्या रागापायी. राग तेव्हा माझ्या बैलांच्याही पुढे पळायचा. सेठजींच्या आवारात रीत अशी, की बोजे उतरून त्यांचा तोल झाल्याशिवाय गाडीवानांना जेवायला वाढत नसत. होळीच्या आदल्या दिवशी आमच्या सात गाड्या रिकाम्या झाल्या, तोल झाला, आम्ही पंगतीला बसलो. पोटभर जेवून झाल्यावर मी भाकरी करणाऱ्या बाईला सर्वांदेखत म्हणालो, "भाकरी हायेत का गोवऱ्या?" तिने परात आपटली, चार शब्द सुनावले. मी तणतणत उठलो, गाड्या जुंपल्या आणि तडक निघालो. पावती मुनीमजींच्या बैठकीवरच राहिली.

पुढे लढाई संपली, भाव गडगडला. सेठजींना चढ्या भावाने घेतलेला माल जड झाला, तेव्हा माल आलाच नाही असं त्यांनी सांगून टाकलं. मग तो गेला कुठे? मी वाटेत मूर्तिजापूरला परस्पर विकला, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं. हळूहळू माझ्या मालकालाही ते पटायला लागलं, आणि मी पुरता घाबरलो. चोर ठरलो असतो तर अमरावतीत मला कुणी दारात उभं केलं नसतं.

अकोल्याच्या कचेरीत गोऱ्या साहेबापुढे खटला उभा राहिला, पण माझ्या गाडीवानांची साक्ष कुणी धरेना. ते माझेच लोक. सेठजींचे हमाल, तोलारी, मुनीमजी एकामागून एक आले आणि त्या दिवशी एकही गाडी पाहिली नाही म्हणून गेले. अकोल्यात एवढी माणसं अधू नजरेची असतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटी सेठजींच्या वकिलाने त्या भाकरीवाल्या बाईला उभं केलं. मी मान खाली घातली. हिच्या तोंडून माझ्या बाजूचं काही निघणं शक्यच नव्हतं.

"होळीच्या आदल्या दिवशी गाड्या आल्या होत्या का?"

"आल्या ना! सात आल्या. अन् हा मानूस होता त्याईच्या संगं. नऊ भाकरी खाल्ल्या यानं, अन् मंग म्हने गोवऱ्या! खायाच्या आधी काहून नाई दिसल्या गोवऱ्या?"

वकील खोकू लागला. दुभाष्याने साहेबाला गोवरी म्हणजे काय ते समजावलं, त्यात थोडा वेळ गेला. मग साहेबाने विचारलं, माल उतरला नसता तर जेवण मिळालं असतं का?

"कोन देईन? आधी गाडी रिती, मंग भाकर. सेठजीचाच नेम हाये."

साहेब माझ्याकडे वळला. खरंच नऊ? लाजेने मी आठ म्हणालो.

"नऊ!" बाई ओरडली. मी नऊ कबूल केल्या, आणि माल पोचल्याचंही त्याबरोबरच सिद्ध झालं.

बाहेर मी तिला गाठलं. सेठजींचं दार आता तिला बंद झालं होतं, हे दोघांनाही कळत होतं. मी हात जोडले. "मावशी, माह्यासाठी तुमी कामावर पानी सोडलं."

"तुह्यासाठी कायले बोलीन मी?" ती म्हणाली. "दोन पायल्या ज्वारीच्या भाकरी थापल्या मी त्या दिवशी. हाताले फोड आले. अन् हे म्हनतेत, कोनी आलंच नाई. मंग मी दिवसभर चुलीपाशी काय करून राहिली होती?"

हात जोडले होते ते आभाराचे. माफी अजून मागितलीच नव्हती. ती मी तिथेच, रस्त्यात उभं राहून मागितली.