वाळू काकडची सरकगाठ

मखमलाबादच्या वाळू काकडने आजवर किती लग्नांचे मंडप घातले, हे त्यालाही सांगता यायचं नाही. तो माझा विद्यार्थी. सातवीत असताना स्नेहसंमेलनाचा पडदा बांधायला मी त्याला स्टुलावर चढवलं, ते काम त्याने पुढे आयुष्यभर केलं. त्याची खासियत म्हणजे सरकगाठ. बांधली की पक्की, पण मोकळ्या टोकाला हिसका बसला की लगेच सुटणारी. "सर, मंडप बांधता कुणालाही येतो," तो म्हणायचा, "वऱ्हाड पांगायच्या आत सोडता आला पायजे."

त्याची मुलगी तेजल बॉक्सिंग खेळते. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले सुभेदार सावळीराम तिला शिकवतात. पोरीचं नाक वाकडं होईल म्हणून तिची आई साधना धास्तावलेली असे. वाळूची काळजी वेगळी होती. "नाकाचं काय घेऊन बसली? बघायला आलेला पाहुणा धड परत गेला पायजे!"

जिल्ह्यात बॉक्सिंगची संघटना पूर्वी एकच होती. एका उद्घाटनाच्या फलकावर कोणाचं नाव वर, यावरून तिच्या दोन झाल्या. एकीचे अध्यक्ष कांद्याचे व्यापारी जीवनशेठ, दुसरीचे खासगी क्लास चालवणारे ज्ञानेश सर. वाटणीत रिंगचे खांब शेठकडे गेले आणि दोर सरांकडे. समोरची संघटना बनावट असल्याचं दोघांनीही शासनाला कळवलं. शासनाने दोघांवरही विश्वास ठेवला आणि अनुदान थांबवलं. तेव्हापासून मुलं एकमेकांच्या घामाने ओले झालेले ग्लोव्हज घालून खेळत होती.

यंदा मात्र राज्य संघटना कंटाळली. तिने बजावलं, की निवड चाचणी एकच घ्या, यादी एकच करा आणि तिच्यावर दोन्ही अध्यक्षांच्या सह्या हव्यात. रविवारी संध्याकाळपर्यंत यादी आली नाही, तर या जिल्ह्यातून कोणीच खेळणार नाही. तेजलचं तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं.

शेठ म्हणाले, "तो मास्तर येणार असेल तर माझे खांब मिळायचे नाहीत."

सर म्हणाले, "खांबच नसतील तर मी दोर काय हवेत बांधू?"

वाळूने हे ऐकलं आणि तो माझ्याकडे बघून चक्क हसला. "सर, हे तर विहिणींचं रुसणं झालं. आपलं रोजचंच काम!"

नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन तो दोघांच्याही घरी गेला. तुमचे खांब नकोत, तुमचे दोर नकोत, माझ्या गोदामातलं सामान लावतो, म्हणाला. वर प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "त्यांचं तोंडसुद्धा तुम्हाला दिसणार नाय. ही माझी जबाबदारी."

रविवारी शाळेच्या मैदानावर गेलो तर वाळूने सवयीने लग्नच उभं केलेलं. प्रवेशद्वारं दोन, प्रत्येकावर एकेका संघटनेचा फलक. रिंगच्या कडेला व्यासपीठ, त्यावर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या. एकीत शेठ, दुसरीत सर, दोघांच्या मांडीवर नारळ. आणि मधोमध अंतरपाटासारखा पिवळा पडदा, रिंगच्याच कोपऱ्यातल्या खांबाला बांधलेला. बारकूच्या बँडला संध्याकाळी लग्नाची सुपारी होती. तोवर बसा इथंच, म्हणून वाळूने त्यांनाही आणलं होतं.

तेजलची लढत सटाण्याच्या योगिनीशी होती. योगिनीची आजी लंकाबाई मुरमुऱ्यांचा पुडा घेऊन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. इकडेतिकडे बघून त्यांनी मला अहिराणीत विचारलं, "हाई लगीन शे का मारामारी?"

दुसऱ्या फेरीत तेजलचा ठोसा बसला आणि योगिनी मागे दोरावर आदळली. दोराच्या मोकळ्या टोकाला हिसका बसला आणि वाळूची सरकगाठ तिच्या स्वभावाप्रमाणे सुटली. दोर सैल पडला, खांब कलला, पडदा खाली आला. दोन्ही अध्यक्ष सोनेरी खुर्च्यांत समोरासमोर! बारकूने आयुष्यभर एकच गोष्ट पाळली होती, की अंतरपाट खाली आला की वाजवायचं. त्याने वाजवलं. लंकाबाईंनाही राहवलं नाही. त्यांनी मूठभर मुरमुरे दोघांवर उधळले.

"पप्पा!" रिंगमधून तेजल ओरडली. "माझं वर्ष वाया घालवता का तुम्ही?"

पंच म्हणून उभ्या असलेल्या सुभेदारांनी विचारलं, "गाठ कोणी मारली?" वाळूने सातवीत करायचा तसा हात वर केला. तोवर खांब आणखी कलला. सुभेदारांचा आवाज तोफखान्यातला. "अध्यक्ष! बसून काय राहिलात? धरा!"

आणि दोघांनी धरलं. शेठच्या हाती खांब आला, सरांच्या हाती दोर. वाटणी आपोआप बरोबर झाली.

तिसरी फेरी तशीच झाली. मध्येच सर हळूच म्हणाले, "शेठ, मिशीत मुरमुरा आहे."

"राहू द्या. हात सुटला तर पोरी पडतील."

तेजल जिंकली, पण थोडक्यात. वाळू गाठ मारायला धावला, तसा साधनाने त्याचा शर्ट धरला. "थांबा! आधी सह्या." यादी घेऊन ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. एकेक हात अडकलेला, त्यामुळे कोणाला निघून जाता येईना. तरीही वर सही कोणाची, यावर गाडी अडलीच. शेवटी साधनाने कागद दोघांच्या मध्ये सपाट धरला आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूने वर सही केली. त्यामुळे त्या यादीवर एक सही उलटी आहे. राज्य संघटनेने ती चालवून घेतली.

संघटना अजून दोनच आहेत. तेजल राज्य स्पर्धेला गेली, एक लढत जिंकली, दुसरी हरली. हरल्यावर घरी फोन केला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

"पप्पा, लय मारलं मला तिनं. दोरापर्यंत रेटत नेलं."

"मग गं?" वाळूने घाबरून विचारलं.

"मग काय! इथले दोर सुटतच नाय."