टाकीचं लगीन

बेंगळुरूची बस खालापूरच्या टोलनाक्यापाशी थांबते ती जेमतेम. आई मला सोडायला आली होती ती कुणाच्या तरी हळदीतून तशीच उठून. हात कोपरापर्यंत पिवळे, पदर कमरेला खोचलेला, घसा बसलेला. माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत आधी धवलारीण गाते. गाऊन देवांना बोलावते, नद्यांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते, सगळ्या सोयऱ्यांचे मान गाण्यातच वाटते, आणि मग लग्न पुढे सरकतं. एकदा धवला सुरू झाला की अर्ध्यावर सोडत नाहीत. त्या दिवशी तिनं तो दुसऱ्या बाईच्या हाती देऊन धाव घेतली होती, म्हणून चिडलेलीच होती. माझ्या गिटारच्या पिशवीवर टपली मारून म्हणाली, "ही पेटी पोट भरंल का गं तुजं? नाय भरलं तर लाजू नको. सरळ घरला ये." मी काय, मोठ्या तोऱ्यात बसमध्ये चढले. बस घाटाला लागल्यावर मात्र ढसाढसा रडले, हे तिला अजून माहीत नाही.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, दोघांनाही सांगते. परगावी पहिली वर्षं माणूस फक्त भाषा बदलत राहतो. पीजीतल्या मुलींशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी 'सोल्प अ‍ॅडजस्ट माडि', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या'. मराठी उरली ती आईच्या फोनपुरती. तिथेही मी 'हाय-नाय'चं 'आहे-नाही' करून बोलायचे, तर ती फोनवरच ओरडायची, "कोन बोलतंय? माजी पोर दे!"

मग बँड झाला. विक्रम गायचा, थॉमस ड्रम वाजवायचा, मी गिटार. आमची आमची गाणी, कुठल्याही कंपनीची नव्हेत. ऐकायला यायची आमचीच मित्रमंडळी. एका गिगला तर वेटर धरून सुद्धा हॉल अर्धा भरला नव्हता. विक्रमला गाण्यांच्या मधल्या गप्पांत जास्त टाळ्या पडतात हे आमच्या लक्षात आलं. त्यानं त्या गप्पांचं पुस्तक केलं. पुस्तकातलं वाचून दाखवायला लागला तर लोक पोट धरून हसले, म्हणून स्टँडअप सुरू केलं. आणि लोक एवढे जमतायतच, तर कुणाच्या तरी कामी येऊ या म्हणून मदतीचे कार्यक्रम. कुठे शाळेचं छप्पर, कुठे कुत्र्यांचा दवाखाना. एका संध्याकाळी गाणं, पुस्तक, विनोद आणि मदत, चारही! आम्हाला वाटायचं, वा रे वा, काय नवीन काढलंय आपण.

याच काळात थॉमसचं आणि माझं लग्न झालं. लॉकडाऊनमध्ये. गाड्या बंद, रस्ते बंद, थॉमसच्या घरचे कोट्टायमला, माझे खालापूरला. रजिस्ट्रारपुढे मास्क लावून सह्या केल्या आणि आईनं ते मोबाईलवर बघितलं.  नंतर शेजारणीला म्हणाली ते मला कळलंच, "आख्ख्या तालुक्याच्या पोरी उजवल्या मी. माज्याच पोरीचं लगीन मुकं लागलं." रस्ते उघडल्यावर मी म्हटलं, आता गा ना गं, आम्ही दोघं येतो. तर म्हणे, "झालेल्या लग्नाला धवला नसतो. देवाची चेष्टा हाय का?" थॉमसची जात वेगळी, धर्म वेगळा, याचं तिला काही नव्हतं. पण तिच्या लेखी जावई तो, ज्याला धवल्यात हाक मारली. न गायलेला माणूस घरात येऊ शकतो, जेवू शकतो, जावई होऊ शकत नाही. त्यामुळे थॉमस वर्षानुवर्षं 'तो पावना'च राहिला. "पावन्याला भाकर वाढ." "पावना चा घेतो का इचार." तो बिचारा पावना म्हणजे आपलं लाडाचं नाव समजायचा. मला मात्र ते दर खेपेला लागायचं.

यंदा कार्यक्रम आमच्याकडे घ्यायचं ठरलं. डोंगरातल्या ठाकूरवाडीला पाण्याची टाकी आणि झऱ्यापासून पाइप, यासाठी. कुंभिवलीजवळ हायवेला मोठा हॉल एकच, तो मंगल कार्यालयाचा. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्या बाजूला सारून ड्रम मांडले. विक्रमच्या हौसेनं ती काळी टाकीच झेंडूची माळ घालून स्टेजवर आणून ठेवली. रसायनीच्या कॉलनीतली माणसं आली, कर्जतचे फार्महाउसवाले आले, आमचं गाव आलं, आणि वाडीची माणसं उतरून आली, ती पुढच्या रांगेत अंग चोरून बसली.

पत्रिकेत मीच छापलं होतं, 'धवलागीत, दहा मिनिटे'. आपल्या आईला जन्मभर ओळखून हे छापायचं म्हणजे माझीही कमाल! विक्रमनं पुस्तक वाचलं, लोक हसले. मग आई नऊवारी आवरत स्टेजवर चढली, माइक हातात घेतला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि विचारलं, "नवरी कोन हाय?"

 मंगल कार्यालयात उभं राहून लग्नाशिवाय गायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाईघाईनं पुढे झाले, तेवढ्यात विक्रमला विनोद सुचला. म्हणाला, "आई, ही काय टाकी! हीच नवरी!"

सगळे खदखदून हसले. आई हसली नाही. टाकीकडे नीट बघून म्हणाली, "बरं. आन नवरा?"

पुढच्या रांगेतून वाडीचे धर्मादादा उठले. हात जोडून म्हणाले, "नवरा आमचा झरा हाय, बाय."

"मंग हळद आना," आई म्हणाली आणि तिनं सूर लावला.

काय सांगू! मी हा आवाज घरात चुलीशी ऐकलाय, मांडवात भोंग्यातून ऐकलाय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "मूळ धाडा गो मूळ धाडा, पाताळगंगेला मूळ धाडा." नदीला आवतण गेलं. डोंगराला गेलं. वाडीच्या देवाला, वाडीच्या गेलेल्या माणसांना गेलं, आणि धर्मादादांच्या डोळ्यांना धार लागली. झऱ्याचा बाप म्हणून तिनं त्यांना गाण्यातच हाक मारली. ते आले, टाकीला हळद लावली. विक्रमला तिनं करवला केलं आणि त्याच्या केसांवरून अशी काही खेचली, अशी काही खेचली, की त्याच्या सबंध स्टँडअपला पडला नव्हता एवढा हशा पडला. फार्महाउसवाल्या बायका उठून हळद लावायला रांगेत उभ्या राहिल्या. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. बाहेर जेवण थंड होत होतं आणि आचारी कपाळ धरून दारात उभा होता, पण अर्ध्यात थांबवायची कुणाची टाप! ती एकटी बाई, बसलेल्या घशाची, आणि आम्ही ज्याला नवीन म्हणत होतो ते सगळं तिच्या एका श्वासात. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मग पाण्याचा मान आला. नवरीच्या पायावर पहिला तांब्या घरचा जावई ओततो. आई थांबली. इतका वेळ एकदाही न अडखळलेली बाई थांबली. वाडीत कुणाचा जावई शोधते की काय, असं वाटून मी खाली बघितलं. आणि तिनं सूर उचलला, "पयला मान गो कुनाला, माज्या घरच्या जावयाला. हाक मारा गो हाक मारा, थॉमस जावयाला हाक मारा."

थॉमस ड्रममागे बसून टाळीचा ताल मोजत होता. स्वतःचं नाव ऐकून दचकला, माझ्याकडे बघायला लागला.  मी नुसतं हातानं जा, जा केलं. तो आला, आईनं त्याच्या कपाळाला हळद लावली, हातात तांब्या दिला, आणि त्यानं टाकीवर पाणी ओतलं. सगळं गाव "होऽऽ" म्हणून ओरडलं. माझं लग्न तेव्हा लागलं, असंच मी धरते.

बेंगळुरूला आमचं भाड्याचं घर आहे, कोट्टायमला सासर आहे. कुणी विचारलं घर कुठलं, की मी पूर्वी जरा थांबायचे. आता खालापूर म्हणते, आणि माझ्याआधी थॉमसच म्हणतो. त्या संध्याकाळी धवला संपवून आई खाली उतरली, पाणी प्यायली, आणि ड्रमकडे परत निघालेल्या थॉमसला दरडावून म्हणाली, "जावयबापू, पयलं जेवून घ्या तुमी. मंग वाजवा काय वाजवायचं ते."