रुख्माच्या लेकराचं निरीक्षण

नवऱ्यानं आपल्याला टाकलेलं नाही, हे धुरपताबाई सगळ्यांना आवर्जून सांगायची. केशोरावानं दुसरी आणली आणि हिला गोठ्याशेजारची खोली दिली, एवढंच. त्या खोलीतून ती उठली आणि नागऱ्याजवळच्या खेड्यात भावाच्या दारात येऊन राहिली. भाऊ ईश्वरदास वाईट नव्हता, पण वहिनीचं तोंड म्हणजे जातं, रोज काहीतरी भरडायला लागायचंच.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात विकास योजनेवाल्यांनी गोंदियात बालवाडीच्या बायांसाठी वर्ग काढला. सातवी पास हवी होती आणि धुरपता सातवी पास होती. ईश्वरदासनं तिला स्पष्टच सांगितलं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर केशोरावाचा निरोप आलेलाच आहे, धानकापणीला त्याला माणूस कमी पडतं. म्हणजे सवतीच्या हाताखाली फुकटची मजूर. धुरपता वर्गाला गेली ती या भीतीनं. लेकरांच्या प्रेमानं वगैरे कोणी जात नसतं.

वर्गावर निर्मलाबाई होत्या, नागपूरच्या. बाई मनाच्या चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून त्यांना शिव्या द्याव्याशा वाटतील. लहान मुलांबद्दल आजवर सगळ्यांनी नुसती मतं दिली, नीट पाहिलं कोणीच नाही, असं त्या म्हणत. म्हणून प्रत्येकीनं आपल्या गावातलं एक मूल निवडायचं आणि पावसाळाभर त्याचं निरीक्षण करायचं. मधे पडायचं नाही, मनाचं घालायचं नाही, दिसेल तेवढं लिहायचं. जिचं निरीक्षण उत्तम, तिची नेमणूक आधी.

धुरपतानं रुख्माचा कवडू निवडला. चार वर्षांचा होता. रुख्मा रोजीनं धानाच्या बांधीत कामाला जाणारी बाई. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून कवडू झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि धुरपताच्या आईनं त्याला एका कवडीला विकत घेतलं. दिवाळीला माहेरी आलेल्या धुरपतानंच ते सूप उचललं होतं. विकलेलं लेकरू आईचं राहत नाही, मग मरणाला त्या घरात काही सापडत नाही. सांभाळायला म्हणून ते आईलाच परत देतात, पण पुढं तिनं त्याला माझं म्हणायचं नाही. चारचौघांत कडेवर घ्यायचं नाही. कौतुकाचं तर नावच काढायचं नाही.

रुख्मा हे सारं इमानानं पाळायची. त्याला उकिरड्याचं पोट्टं म्हणायची, त्याच्यापुढं ताट आपटायची, पायाशी आला की ढकलायची. दार लावल्यावर मात्र दोघांचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

धुरपतानं पहिल्यांदा हे सगळं लिहिलं, रीतीसकट. निर्मलाबाईंनी रीतीवर तांबडी रेघ ओढली. आई ढकलते हे तुम्हाला दिसलं, पण माया करते हे कुठं दिसलं, असं त्यांनी विचारलं. रीत ही तुम्ही ऐकलेली गोष्ट झाली, संशोधनात तिला जागा नाही.

धुरपता हुशार होती, आणि अडलेला माणूस फार लवकर शिकतो. पुढच्या खेपेला तिनं नुसतं ढकलणं लिहिलं, ताट आपटणं लिहिलं. धानाच्या रोवणीच्या वेळी कवडू बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून रडत राहिला आणि आईनं मान वर केली नाही, हेही लिहिलं. मान खाली घालून रुख्मा चिखलाच्या मनगटानं डोळे पुसत होती. ते धुरपताला स्वच्छ दिसलं होतं. ते तिनं लिहिलं नाही. निर्मलाबाईंनी तिचं निरीक्षण वर्गात वाचून दाखवलं आणि याला म्हणतात पाहणं, असं सगळ्यांना सांगितलं.

आश्विनात निर्मलाबाई दोन साहेबांना घेऊन गावात आल्या. मारुतीच्या ओट्यासमोर बाया जमवल्या. आईच्या मायेवर भाषण झालं, त्यात धुरपताचं निरीक्षणही वाचून दाखवलं. मग, संशोधनाचा उपयोग आईला व्हायला हवा, असं म्हणून त्यांनी रुख्माला पुढं बोलावलं आणि कवडूला तिच्यासमोर उभा केला. त्याला उचला, पापा घ्या, माझा राजा म्हणा, असं त्या अगदी गोड आवाजात सांगू लागल्या.

रुख्मानं धुरपताकडं पाहिलं.

"तुले त मालूम आहे धुरपता. तुह्याच मायनं इकत घेतला होता ना याले? सांग न यायले."

निर्मलाबाईंनी विचारलं, काय म्हणते ही? नेमणुकीचा कागद त्यांच्या पिशवीत होता, तसं त्यांनी धुरपताला सकाळीच सांगितलं होतं. दिवाळी तोंडावर आली होती. एक वाक्य बोलायचं होतं. आपण काय करतोय हे धुरपताला पुरतं कळत होतं.

"काही नाही बाई, लाजते ती," ती म्हणाली. मग रुख्माकडं वळून, "त्या सांगून राहिल्या तसं कर."

साहेब उभे होते, पाटील उभा होता. रोजीवरच्या बाईनं नाही कोणाला म्हणायचं? रुख्मानं लेकरू उचललं, पापा घेतला, माझा राजा म्हणाली. कवडूला असं उन्हात, लोकांसमोर कोणी कधी उचललं नव्हतं. तो इतका हरखला की तिची मान सोडेना. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गावातली एकही बाई वर पाहत नव्हती.

त्याच पंधरवड्यात कवडूला हिवताप आला. त्या साली घरोघरी ताप होता. धुरपता कोयनेलच्या गोळ्या घेऊन धावली, पण रुख्मानं तिला दार उघडलं नाही. कवडू गेला. तापानं गेला, हे धुरपताला वर्गात शिकवलेलं सगळं आठवून पटत होतं, आणि पटूनही रुख्माच्या दारावरून ती जात नव्हती. गावानं तर विचारही केला नाही. आईनं भर चौकात माझा म्हटलं, आणखी काय व्हायचं होतं?

दिवाळीला वहिनीनं तिला पहिल्यांदा गरम वाढलं. नेमणूक त्याच गावात मिळाली.

सत्तावन्न साली रुख्माला मुलगी झाली. बायांनी सूप आणलं, रुख्मानं ते परत पाठवलं. या पोरीला ती शिव्या देत नव्हती की ढकलत नव्हती. वेळेवर पाजायची, वेळेवर धुवायची, आणि तिच्याकडं पाहायची नाही. साठ साली पोर दुधाच्या भुकटीसाठी बालवाडीत यायला लागली. कोपऱ्यात बसायची. पडली तरी रडायची नाही, कोणाकडं हात करायची नाही.

त्याच पावसाळ्यात निर्मलाबाई नव्या बाया घेऊन आल्या. आता निरीक्षण शिकवायला धुरपताबाईच होत्या. निर्मलाबाईंना ही पोर निरीक्षणासाठी फार चांगली वाटली. धुरपता उठली आणि तशीच बांधीवर गेली. रुख्मा निंदत होती.

"पोरीले जवर घे रुख्मा. एक डाव तरी घे. सुकून चालली ते."

रुख्माचा हात थांबला नाही.

"रुख्माले लेकराची माया नाही, असं तूच लिव्हलं ना?" ती म्हणाली. "मंग आता काऊन आली?"

रुख्मा निंदत पुढं सरकत गेली, तिनं मागं पाहिलं नाही. मग धुरपता परत आली आणि त्या पोरीसमोर नव्या बायांना बसवलं. मधे पडू नका, मनाचं घालू नका, दिसेल तेवढं लिहा, असं सांगितलं. बायांनी चारपाच दिवस बघून लिहिलं. धुरपतानं सगळ्यांचं वाचलं. या वेळी कोणी काही गाळलं नव्हतं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.