ओल्शिंकाचा पंप आणि लेओकाद्याचा कान

ओल्शिंका गावात चर्चच्या घंटेइतकाच ओळखीचा दुसरा एक आवाज होता, आगीच्या पंपाच्या इंजिनाचा. टिक-टिक, टिक-टिक. आठ म्हाताऱ्या एका ओळीत बसून लोकर विणताहेत असं वाटावं. हा आवाज तीस वर्षं सांभाळला लेओकाद्या विल्गाने.

लेओकाद्या बुटकी, रुंद खांद्यांची. बोटं काकडीसारखी जाड, पण त्या बोटांना केसाएवढी फट कळायची. एकोणिसाव्या वर्षी ती डेअरीची दुधाची गाडी चालवायला लागली. त्या कामाला पुरुष मिळेना, कारण पहाटे उठायचं आणि वाटेत प्यायचं नाही या दोन अटी एका पुरुषात मावत नव्हत्या.

त्या गाडीत तेच इंजिन होतं, चार सिलेंडरचं. कारखान्याने ते आधी मोटारीसाठी घडवलं, मग दुधाच्या गाडीत घातलं, मग नावेत, मग आगीच्या पंपावर. सगळी एका आईची लेकरं. थोरल्याचे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी उभे असत. तो पेट्रोल फार पिई आणि चढावर धापा टाकी. धाकट्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले आणि त्याचा श्वास मोकळा झाला. हाडं मात्र तीच राहिली. जाड, जड, घाई नसलेली. लेओकाद्या म्हणायची, "याच्या अंगात जेवढं बळ आहे त्यातलं हे अर्धंच देतं, अर्धं पोटात ठेवतं. म्हणून टिकतं. माणसांनीही शिकावं."

पहिल्यांदा इंजिन बिघडलं तेव्हा तिने त्याचं हेड काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. नवरा झिग्मुंत चार दिवस खिडकीच्या कट्ट्यावर ताटली ठेवून जेवला.

"मी बायको केली होती का मिस्त्री?"

"दोन्ही एकातच मिळालं. गप्प खा, सूप गार होतंय."

पाचव्या दिवशी गाडी चालू झाली. त्या दिवसापासून गावाने पंपही तिच्याच हवाली केला.

आणि मग ते वर्ष आलं. जिल्ह्यावरून फर्मान निघालं की जूनमधल्या जत्रेच्या रविवारी मोक्रे गावच्या तळ्यावर सगळे जुने पंप तपासायचे. तीस सेकंदांत तळ्याचं पाणी पंपात चढलं तर पंप गावात राहील. दोन वेळा संधी. नाही चढलं तर पंप भंगारात, बदली पंप नाही, आणि पुढे ओल्शिंकाला आग लागली तर मोक्रेचं पथक धावून येईल. धावून येईल म्हणजे काय, तर अकरा किलोमीटर वाळूची वाट आणि मधे तो लाकडी पूल, जो नदी दर वसंतात खांद्यावर घेऊन निघते. सात वर्षांपूर्वी वीज पडून शाळेचं छप्पर पेटलं, तेव्हा मोक्रेवाले पोचेपर्यंत आमच्या माणसांनी आग विझवून पाइपसुद्धा वाळत घातले होते. पंप गेला तर पुढची शाळा जळणार, हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

या पंपाची एक गंमत आहे. पाणी वर ओढायला त्याला वेगळं यंत्र नाही. इंजिनाचा धूरच एका अरुंद तोंडातून जोरात सोडतात. तो जाता जाता पाइपातली हवा ओढून नेतो, आणि त्या रिकाम्या जागेत पाणी चढतं. थोडक्यात, इंजिनाच्या श्वासावर पाणी येतं. चारही सिलेंडरांचा श्वास दमदार असेल तर वीस सेकंद खूप झाले. श्वास फाटका असेल तर बसा बादल्या भरत.

गुरुवारी लेओकाद्याने नदीवर पंप लावून पाहिला होता. अठरा सेकंद. ती निश्चिंत झाली.

रविवारी ऊन चांगलं तापलं. मोक्रेच्या तळ्याकाठी बँड, खसखशीचे केक, लोणच्याच्या काकड्यांची पिंपं, आणि ओळीने उभे केलेले पंप. फादरनी सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडायला घेतलं. पथकाचा नायक बोगुमिल, म्हणजे लेओकाद्याचा धाकटा दीर, चकचकीत बटणांचा कोट आणि नवी टोपी घालून पंपाशेजारी उभा. त्याने इंजिन सुरू करून दाखवलं आणि फादर पुढे सरकले तरी बंद करेना. लेओकाद्या तेव्हा लांब, केक कापत होती.

"काय सुंदर चालतंय हो तुमचं इंजिन! मऊ, मांजरासारखं," शेजारची बाई म्हणाली.

लेओकाद्याच्या हातातली सुरी थांबली. मांजरासारखं? तिने कान दिला. खरंच इंजिन गुणगुणत होतं. पण विणणाऱ्या म्हाताऱ्या कुठे गेल्या? ती एप्रनला हात पुसत गर्दीतून निघाली, तोवर तपासनीसाने शिट्टी वाजवली होती.

"ओल्शिंका, पहिली संधी!"

पाइप तळ्यात सोडला. बोगुमिलने धुराची झडप वळवली, इंजिनाला पेट्रोल वाढवलं. इंजिन गुरगुरलं, मग त्याचा आवाज दबला. दहा सेकंद. वीस. पंपावरच्या मापकाचा काटा थरथरला आणि अर्ध्यावर लटकला. पाणी पाइपात निम्म्यावर येऊन, दारातून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं मागे गेलं. तीस. चाळीस.

"बंद करा!" तपासनीस ओरडला. "इंजिन जाळाल. मोक्रेची पाळी होऊ दे, मग दुसरी संधी. पंधरा मिनिटं."

मोक्रेचा पंपवाला हिपोलित छाती काढून पुढे आला. तो आणि लेओकाद्या एकाच वयाचे, आणि लहानपणापासून एकमेकांना टोमणे मारून वाढलेले.

"अगं लेओकाद्या, तुझ्या पंपाला बहुतेक तहानच नाही! काळजी नको करू, तुझं घर पेटलं की मी येईन हो विझवायला."

"तू येईपर्यंत राखेत बटाटे भाजून होतील. सरक बाजूला."

तिने इंजिनाच्या अंगावर हाताचा पालथा पंजा टेकवला. चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं. मग ती दिराकडे वळली.

"भावोजी, टिकटिक कुठंय?"

बोगुमिल बटणाशी चाळा करू लागला.

"वहिनी, त्याचं काय आहे..."

"कुठंय टिकटिक?"

"काल संध्याकाळी मी टॅपेट, ते व्हॉल्व्हवरचे नट, जरा आवळले. फादर येणार, जिल्ह्याचे साहेब येणार, आणि आपलं इंजिन खटारा शिवणयंत्रासारखं वाजणार! मला लाज वाटत होती."

लेओकाद्याने बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, "गळा आवळला तुम्ही त्याचा. दिसायला छान मफलर घातला, आणि गळा आवळला."

गोष्ट खरी होती. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसभर फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा हवी. ती फट म्हणजेच टिकटिक. फट मिटवली की इंजिन गोड बोलू लागतं, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि श्वास त्याच्या कडेने निसटून जातो. तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. लेओकाद्या नेहमी सांगायची, वाजणारा व्हॉल्व्ह जिवंत असतो, गप्प बसलेल्याची काळजी करा. दिराने तीस वर्षं हे ऐकलं होतं, या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

"झाकण काढा!" ती म्हणाली, आणि खिशातून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती काढली. ती पाती तिच्या खिशात जपमाळेबरोबर असायची. चर्चमध्ये कधी चुकून तीच हातात यायची.

आठ व्हॉल्व्ह. पंधरा मिनिटं. तापलेलं लोखंड.

कुठला व्हॉल्व्ह कधी धरायचा हे कळायला तिला इंजिनावरच्या खुणा लागत नव्हत्या. या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर येतात, दुसरा आणि तिसरा एकदम खाली जातात, सीसॉवर बसलेल्या दोन जोड्यांसारखे. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलू लागले की पहिला गाढ झोपलेला असतो. तेव्हाच त्याला हात लावायचा. दुसरा डोलला की तिसरा झोपलेला. स्वतः शोधून काढलेला हा मंत्र ती पुटपुटू लागली.

"हँडल फिरवा, भावोजी. हळू. हळू म्हणते ना! चौथा डोलतोय... थांबा. पहिला निजला."

पातं सरकवलं. नट सैल, पाव वळसा, नट घट्ट. पातं लोण्यातल्या सुरीसारखं ओढून पाहिलं. एक झाला. दोन झाले. तिच्या बोटांवर फोड आले तरी ती फुंकर मारून पुढे. तळ्यावर मोक्रेचा पंप सुरू झाला आणि हिपोलितच्या लोकांनी जल्लोष केला. सव्वीस सेकंद! बँडने सलामी दिली.

"फिरवा. दुसरा डोलला. तिसरा निजला."

चार. पाच. सहा. सात.

आठवा हलेना. दुसऱ्या सिलेंडरचा, धूर सोडणारा. त्याच्या नटाचे कोपरे घासून गोल झाले होते.

"हा कशाने आवळलात?"

"...पकडीने."

"पकडीने! अहो, पकड खिळे उपटायला असते. देवा, माझ्या सासूने तुम्हाला दूध पाजलं की रंग?"

"ओल्शिंका, दोन मिनिटं!" तपासनीसाने घड्याळ वर धरलं.

एवढ्या घासलेल्या नटाला पकडच लागणार होती, आणि तो फिरवताना त्याखालचा तापलेला दांडा कोणी तरी धरून ठेवायला हवा होता. फडकं पेट्रोलने ओलं, ते गरम लोखंडाशी नेणं शक्य नव्हतं. बोगुमिलने इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची नवी टोपी काढली, तिची घडी केली आणि त्या घडीने दांडा घट्ट दाबून धरला. टोपीच्या अस्तरातून जळक्या लोकरीचा वास आला. बोगुमिलचे डोळे पाणावले, पण हात सुटला नाही.

"घ्या वहिनी. फिरवा लवकर."

नट कुरकुरला आणि सुटला. पातं गेलं, पातं आलं.

"झाकण!"

"ओल्शिंका, दुसरी संधी!"

लेओकाद्याने स्वतः हँडल मारलं. एकदा. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा, आणि तळ्याकाठी सगळीकडे ऐकू गेलं: टिक-टिक, टिक-टिक. आठही म्हाताऱ्या परत विणायला बसल्या. ओल्शिंकाची माणसं कुंपणावर चढली. कोणी श्वास सोडेना, जणू आपण श्वास सोडला तर इंजिनाला कमी पडेल.

तिने झडप वळवली. धूर शिट्टी वाजवत बाहेर पडला. पाच. दहा. पाइप झटका देऊन जड झाला, साप गिळतो तसा गिळत गिळत पाणी वर चढलं. पंधरा. काटा उसळला.

"पाणी!" बोगुमिल किंचाळला, आणि तळ्यापार उभ्या केलेल्या लाकडी फळीवर पाण्याचा फवारा असा आदळला की फळी उताणी पडली, बँडचा ढोल भिजला आणि मोक्रेच्या सरपंचाच्या हातातला केकही. ओल्शिंकाचं अख्खं गाव नाचू लागलं. एक आजोबा काठी टाकून नाचले आणि मग काठी शोधत बसले.

एकोणीस सेकंद.

तपासनीस कागद घेऊन आला. "पंप गावात राहील, बाई. पण 'दोष' या रकान्यात मला 'आवाज' लिहावा लागेल. फारच वाजतं."

"लिहा ना साहेब. आणि त्याखाली लिहा की तो कोणी बंद करू नये. त्याखाली भावोजी सही करतील."

बोगुमिलने भाजलेल्या बोटांनी सही केली.

लेओकाद्या हात पाण्यात बुडवून बसली होती, तेव्हा हिपोलित आला. आता छाती आत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लेओकाद्या... माझं इंजिनसुद्धा हल्ली फार गोड चालतं गं."

तिने पाण्यातून हात काढले, फिलरची पाती एप्रनला पुसली.

"झाकण काढ," ती म्हणाली. "आलेच."