तिसऱ्या रॉकरची टकटक

आमच्या टर्नरची जुनी गाडी वळणावरून चढाला लागली की सगळ्या गल्लीला कळतं. टक, टक, मग एक ठोका गाळून पुन्हा टक. नवी माणसं हसतात. एवढा नावाजलेला लेथवाला आणि स्वतःची गाडी अशी वाजते, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं एकाने माझ्या दुकानात बसून म्हटलं. त्याची पँट मी मुद्दाम आठवडाभर उशिरा दिली. ती टकटक चुकून राहिलेली नाही. टर्नरने ती स्वतःच्या हाताने घातली आहे, आणि घालताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शेजारी दिवा धरून उभा होतो.

मी शिंपी. शिवणयंत्रापलीकडचं यंत्र मला कळत नाही. आमच्यात इंजिन कळतं ते मेस्त्रीला, त्याचं गॅरेज माझ्या दुकानाला लागूनच आहे. आणि धातू कळतो टर्नरला. तिघांची मैत्री शाळेच्या बाकापासूनची. टर्नरला ढिलाई म्हणून सहन होत नाही. कुणाच्या घरी गेला आणि टेबल डुगडुगलं, तर चहा येण्याआधी याने कागदाची घडी करून पायाखाली सारलेली असते. माझ्या दुकानातल्या खुर्चीचे स्क्रू त्याने इतके आवळलेत की ती आता करकरतसुद्धा नाही. त्याची बायको म्हणते, यांना देवाने माणूस न करता पाना करायला हवं होतं.

त्याची आणखी एक सवय होती. झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग घडवला की जुना तो जपून ठेवत नसे. पकडीत धरायचा आणि करवतीने चिरून टाकायचा. "जुना भाग राहिला की कुणीतरी आळशी माणूस तो पुन्हा बसवतो," असं त्याचं म्हणणं. या सवयीने पुढे त्याचाच घात केला.

गाडी मूळची त्याच्या थोरल्या भावाची. थोरला औषधांच्या दुकानांना माल पोचवायचा. एका संध्याकाळी तो परतला नाही. गाडी धरणाच्या रस्त्यावर सापडली, दार उघडं, चावी जागच्या जागी. थोरला सापडला नाही. पाण्यात शोधलं, रानात शोधलं, मग माणसं आपापल्या कामाला लागली. गाडी ओढून आणली आणि घरामागच्या शेडमध्ये उभी केली. टर्नरने मनातल्या मनात भाऊ गेल्याचं मानून टाकलं. त्यांच्या आईने, आम्ही सगळे तिला माई म्हणतो, ते कधीच मानलं नाही.

माईची दृष्टी थोरला असतानाच गेली होती. तिची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी शेडच्या डोक्यावर. रोज दिवेलागणीला ती मान किंचित वळवायची आणि म्हणायची, "थोरला आला गं." गाडी तर खाली धूळ खात उभी. टर्नर त्याला कानाचा भास म्हणायचा, पण तिचं म्हणणं खोडून काढत नसे, कारण थोरला आला असं वाटलं की माई जेवायची. त्याआधी घास तोंडाजवळ नेला तरी ओठ मिटून घ्यायची. भरवणारा हा धाकटा, आणि ती विचारपूस करायची थोरल्याची. मला त्याचं वाईट वाटायचं. तो मात्र शांतपणे वाटी धरून बसायचा.

एक दिवस माई म्हणाली, "गाडी अशीच गंजून गेली तर तो येणार कशातून?"

प्रश्न उलटाच होता, गाडी घरात आणि माणूस बाहेर. पण टर्नरने तो मनावर घेतला. आम्हा दोघांना बोलावलं. मेस्त्रीने बॉनेट उचललं, आत उंदरांनी केलेलं घर बघितलं आणि म्हणाला, "हिच्यापेक्षा माझी सासू लवकर चालायला लागेल." तरी दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला.

इंजिन उतरवलं. हेड वेगळं, पिस्टन वेगळे, व्हॉल्व्ह रॉकेलच्या ट्रेमध्ये. शेडमध्ये फळीवर सगळं मांडलं होतं, गाडीच्या पोटात नुसता खड्डा. ऊन उतरलं होतं. मी चिंधीने पिस्टन पुसत होतो. तेवढ्यात वरून माईचा आवाज आला, "फाटक उघडा रे. आज चढावर दम लागला वाटतं गाडीला."

मेस्त्रीचा हात थांबला. मी ट्रेकडे बघत होतो. रॉकेलवर बारीक वलयं उठत होती, एकामागून एक, आणि मध्येच एक वलय चुकत होतं. रस्त्यावरून ट्रक जात असेल, असं मी म्हणालो. मेस्त्री म्हणाला, "हो, ट्रकच." आम्ही दोघांनीही रस्त्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी माई पोटभर जेवली.

नंतर रॉकरची पाळी आली. व्हॉल्व्ह दाबणारे ते छोटे हात एका दांड्यावर झुलतात आणि प्रत्येकाच्या आत एक पितळी बुश, म्हणजे नळीसारखं कडं, असतो. तिसऱ्यातला बुश खडखडत होता. मेस्त्रीने तो उजेडात धरला, बोट आतून फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"ही झीज नाही," तो शेवटी म्हणाला. "हा गोल कानशीने घासलाय. मुद्दाम."

"माझा भाऊ असलं काम करणार नाही," टर्नर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. चोरी पकडली जावी तसा तो बुश त्याने मेस्त्रीच्या हातातून काढून घेतला. लेथवर नवा बुश घडवला, केसाचीही फट नाही असा. आणि जुना पकडीत धरून चिरला. त्या दिवशी त्याने जरा जास्तच बारीक तुकडे केले.

गाडी चालू झाली तेव्हा मेस्त्रीने मला मिठी मारली आणि माझा सदरा ऑइलने बरबटला. माझं शिवणयंत्र चालतं तसं ते इंजिन एका लयीत चालत होतं, टकटकीचा मागमूस नाही. टर्नरने फाटकाबाहेर एक फेरी मारली, वळणापर्यंत जाऊन चढाने परत आला, आणि खिडकीकडे बघून हाक मारली, "माई, ऐकलंस का?"

माई काहीच बोलली नाही. दिवेलागण झाली, मान वळली नाही. ताट तसंच परत गेलं.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. टर्नर रोज गाडी चढावरून आणायचा, आणि रोज ती खिडकीत बसून राहायची. मग वहिनी, म्हणजे टर्नरची बायको, माझ्या दुकानात आल्या. "भावजी, सासूबाई पाण्यावर आहेत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. आणि काल मला म्हणाल्या, दाराशी रोज एक गाडी येऊन उभी राहते, बोलत नाही. तिला घालवून दे. ती मधे उभी राहते म्हणून थोरल्याला वाट मिळत नाही."

मी आणि मेस्त्री गेलो. माई भिंतीला टेकून बसली होती, हात सुकलेले. टर्नर तिच्या पायाशी.

"माई, ती आपलीच गाडी आहे," मी म्हणालो.

"आपली नाही. आपली बोलते," माई म्हणाली. "माझे डोळे गेले ना, तेव्हा थोरल्याने तिला बोलती केली. म्हणाला, माई, आता तुला वळणापासून कळेल मी आलो ते, तू भाकरी टाकायला सांग. कुणाला बोलू नकोस, म्हणाला. धाकटा लेथवरून उशिरा येतो, त्याला कळलं तर तो लगेच नीट करून टाकेल."

टर्नर उठला आणि जिना उतरून गेला. आम्ही मागोमाग शेडमध्ये गेलो, तर तो भंगाराच्या डब्यात हात घालून पितळेचे तुकडे वेचत होता. ते तुकडे जोडून कुणालाही काही करता आलं नसतं.

"मला वाटलं त्याला काम येत नव्हतं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, मी अंगाबरोबर कापड कापलं तर माणसाला खाली बसता येत नाही. थोडी ढील ठेवावीच लागते. तुझ्या भावाने ठेवली, तू ठेव."

त्याने आपला तो नितळ बुश काढला आणि गोल कानस घेतली. जन्मभर ज्याने ढिलं काम केलं नाही, तो माणूस आपलंच काम बिघडवायला बसला. घासायचं, बसवायचं, इंजिन चालू करायचं आणि वर बघायचं. खिडकीतून माई म्हणायची, "नाही." पुन्हा घासायचं. "अजून नाही. तो एक ठोका गाळतो." मेस्त्री काढून देत होता, पुन्हा बसवत होता. उजेड कमी झाला म्हणून मी दिवा धरला.

मग एकदा इंजिन चालू झालं आणि शेडमध्ये तो आवाज भरला. टक, टक, गाळलेला ठोका, टक. टर्नरने डोळे मिटून घेतले. लहानपणापासून ऐकलेली हाक कळावी तसा तो आवाज त्याला कळला असणार.

"हं," माई म्हणाली. "आता कर बंद."

मेस्त्रीने चावी फिरवली, काढली आणि माझ्या हातात दिली. इंजिन थांबलं. मी चावी मुठीत धरली होती, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन, कारण आवाज थांबला नाही. तो लांब गेला होता एवढंच. वळणाजवळ कुठेतरी होता. टक, टक, टक. मग चढावर लागला, जड झाला, जवळ आला. मी मेस्त्रीकडे बघितलं. त्याने बॉनेटवर तळहात दाबून धरला होता, खालचं इंजिन थंड पडत असल्याची खात्री करत असल्यासारखा. रस्ता शेडमधून सरळ दिसत होता आणि त्यावर काही नव्हतं.

टर्नर चालत फाटकापर्यंत गेला आणि ते उघडलं. आवाज त्याच्यासमोर येऊन थांबला. मला फार भीती वाटली, पण पाय निघाला नाही. टर्नर फाटकाच्या मधोमध उभा होता. तो हळूच एका बाजूला सरकला, अरुंद दारात समोरच्याला वाट द्यायला सरकतात तेवढा. थोडा थांबला. मग त्याने फाटक लावून घेतलं आणि कडी घातली.

वरून माई वहिनींशी बोलत होती, रोजच्या आवाजात.

"सूनबाई, पानं वाढ. आधी धाकट्याला वाढ, दिवसभर राबलाय तो. थोरला थांबेल."