आपले सत्र समाप्त झाले आहे

‘आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’ हे वाक्य मी लिहिलेलं आहे. पुण्याच्या ऑफिसात, चहा पिता पिता, दोन मिनिटांत. केजच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरात वहिनीच्या खांद्यावरून ते तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वहिनी नर्स आहे, इथल्याच एका खासगी दवाखान्यात. सरकारी भरतीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. पाचला अर्ज बंद होणार होते. सकाळची ड्यूटी करून ती तडक सेंटरात आली होती आणि अडीचपासून तिथंच बसून होती. मी सुट्टीवर आलेली. चारच्या सुमारास तिला बघायला गेले. ती वेबसाइट आमची कंपनी चालवते, हे मी सकाळीच घरात मिरवलं होतं.

भानगड काय ते सांगते. एवढ्या गर्दीला एक सर्व्हर पुरत नाही, म्हणून चार ठेवतात. दारात एक यंत्र असतं, ते आलेल्या माणसाला चौघांपैकी एकाकडे धाडतं. अर्धा भरलेला अर्ज त्या एकाच्याच स्मरणात असतो. म्हणून तोच माणूस परत आला की त्याच सर्व्हरकडे जायला हवा. तहसीलात कागद एक नंबरच्या खिडकीत आणि तुम्हाला पिटाळलं तीन नंबरला, तर तिथला बाबू ‘कोण तुम्ही?’ असंच विचारणार. मग माणूस ओळखायचा कसा? त्याच्या ब्राउझरकडे खुणेची चिठ्ठी देऊन ठेवता येते. नाहीतर तो कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आला ते बघायचं. दुसरं सोपं, म्हणून मी दुसरं केलं. ऑफिसात प्रत्येकाचा पत्ता दिवसभर एकच राहतो, त्यामुळे तिथल्या चाचणीत झकास चाललं.

“भाऊ, नेट कुठलं आहे?” मी सेंटरवाल्याला विचारलं.

“दोन-दोन लाइनी हायती, ताई!” त्याची छाती फुगली. “एक बंद पडली की काम अडतंय, म्हनून दोन्ही या डब्यात जोडल्यात. जी मोकळी आसंल तिकडून जातंय. आख्ख्या केजात आसं कुनाकडं न्हाई.”

म्हणजे वहिनीचं एक पान एका पत्त्यावरून जायचं, दुसरं दुसऱ्यावरून. फोटो एका सर्व्हरकडे, सही भलत्याकडे, आणि पडद्यावर माझं वाक्य. त्या माणसाचं काय चुकलं? लाइटचा भरवसा नाही, नेटचा नाही, तिथं त्यानं शहाणपणाच केला होता. अडाणी निघाले मी.

ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, सेटिंग बदलू का म्हणून विचारलं. “शेवटच्या दिवशी सेटिंगला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “आणि लोकांना साधा फॉर्म भरता येत नाही, त्याला आपण काय करणार?”

लोकांना भरता येत नाही म्हणे! फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

डब्यातली एक वायर मीच उपटली. पाचला वीस मिनिटं उरली होती. वहिनी पुन्हा पहिल्या पानापासून बसली. फोटो चढला, सही चढली, एकदाही बाहेर फेकलं नाही. पण सात पानं होती, आणि शेवटच्या घटकेला सगळा महाराष्ट्र त्याच दारात. सहाव्या पानावर चाक फिरत राहिलं. सातवं उघडलं ते मुदत संपल्याचं सांगतच.

वहिनीनं पर्स उचलली. “जाऊ द्या ताई. माजंच काय तरी चुकत आसंल. मला कुठं येतंय कंप्युटरचं.”

“तुझं काहीही चुकलेलं नाही!” मी ओरडले. “माझं चुकलंय, माझं!”

सगळं सेंटर वळून बघायला लागलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “कशापायी तरास करून घेता?” मी तिची समजूत काढायला खोटं बोलतेय, असं तिला वाटलं होतं. मी पुन्हा सांगितलं, यंत्रापासून सगळं सांगितलं, तरी तिचं आपलं तेच.

तिसऱ्या दिवशी साहेबांची मेल आली. भरतीचं काम सुरळीत पार पडलं, एकही तक्रार आली नाही, सर्वांचं अभिनंदन.

मेल खोटी नव्हती. तक्रार एकही आली नव्हती. करणार कोण? ज्यांचे अर्ज गेले नाहीत, ते सगळे आपलंच चुकलं म्हणत घरी गेले होते.